पचमढीचे दगडफूल आणि चंबळेतला घडियाल : नागपूरहून केलेला प्रवास

एकाच प्रवासात घडियाल, म्हणजे लांब, बारीक जबड्याचा मगरकुळातला नदीतला प्राणी, आणि शैवाक, म्हणजे खडकांवर व झाडांवर वाढणारे लायकेन, दोन्ही पाहावेत, ही कल्पना माझ्या थोरल्या बंधूंची. भाऊंनी नागपूरच्या महाविद्यालयात अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. पेंच आणि ताडोबा दाराशी असल्यामुळे आम्हा नागपूरकरांच्या मनात संकटग्रस्त प्राणी म्हटले की वाघच उभा राहतो, याची त्यांना नेहमी खंत वाटते. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. एखादी प्रजाती नाहीशी होऊ लागली, तर तिला वाचवण्यासाठी माणसाच्या हातात नेमके काय असते, आणि जे घडियालासाठी करता येते ते शैवाकासाठीही करता येते का? उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी ते जागेवर जाऊन पाहावे, असे ठरले. संक्रांत झाली आणि त्यानंतरच्या शुक्रवारी भाऊ, वहिनी आणि मी निघालो.

शुक्रवार : नागपूर, सौंसर, तामिया, पचमढी

पहाटे सावनेरमार्गे छिंदवाड्याचा रस्ता धरला. सौंसरच्या परिसरात दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा लागतात आणि राज्याची सीमा ओलांडली तरी कानावर मराठीच पडत राहते. तिथे तर्री पोहे खाल्ले. वहिनींनी घरून सांबारवडी आणली होती. जानेवारीतल्या कोवळ्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, चव वर्षभरात पुन्हा मिळत नाही. सिल्लेवानीचा घाट चढताना हवेतला फरक अंगाला जाणवू लागला. तामियाला थांबून खोल दऱ्यांकडे पाहत चहा घेतला आणि मटकुलीवरून संध्याकाळपर्यंत पचमढी गाठली.

विदर्भातल्या माणसाला पचमढी परकी नाही. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला आणि महाशिवरात्रीला चौरागडावर जाणाऱ्यांत आपल्याकडची माणसे हजारोंच्या संख्येने असतात. आम्ही जिथे उतरलो तिथल्या स्वयंपाकघराचा कारभार पाहणाऱ्या बाई मूळच्या काटोलकडच्या होत्या. नागपूरची मंडळी म्हटल्यावर त्यांनी न सांगता सावजी पद्धतीचा रस्सा केला. मसाला भाजण्यापूर्वी त्यांनी वहिनींना डबा दाखवला, तेव्हा त्यातले दगडफूल भाऊंनी हातात घेतले. वरून राखाडी, खालून काळेभोर, कडांनी दुमडलेले असे ते पापुद्रे म्हणजे शैवाकच होय. कोष्टी समाजाच्या घरांतून साऱ्या शहराची झालेली ही चव ज्या मसाल्यावर उभी आहे, त्यातला एक घटक उद्या जिवंत पाहायचा आहे, असे ते म्हणाले. वहिनींनी आयुष्यभर दगडफूल वापरले होते, पण ते कशावर आणि किती सावकाश वाढते याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर कधी आली नाही, असे त्यांनी बोलून दाखवले. माझेही तसेच होते.

येथे सांगण्यासारखे एवढेच की पचमढीत धूपगड व इतर वनक्षेत्रांत जाण्यासाठी वनविभागाचा परवाना आणि स्थानिक जीप घ्यावी लागते. ती सोय आदल्या संध्याकाळीच करून ठेवावी. रात्री थंडी चांगलीच कडक असते, म्हणून नागपूरच्या हिवाळ्याच्या अंदाजाने कपडे घेऊ नयेत.

शनिवार : पचमढीचे खडक आणि झाडे

सकाळी गवतावर दव गोठलेले होते. जीप चालवणारा तरुण नागद्वारच्या यात्रेकरूंमुळे उत्तम मराठी बोलत होता. जटाशंकरच्या वाटेवर त्याने गाडी थांबवली, कारण भाऊंना धबधब्यापेक्षा रस्त्याकडेचा हिरडा अधिक पाहायचा आहे हे त्याच्या एव्हाना लक्षात आले होते.

भाऊंनी दहा पटींचे भिंग आणि पाण्याची लहान फवाऱ्याची बाटली आणली होती. एरवी आपण ज्याला खोडाचा रंग समजतो, त्यात भिंगाखाली तीन वेगवेगळे आकार दिसू लागले. काही शैवाके सालीला इतकी घट्ट चिकटलेली की नखाने वेगळी करता येऊ नयेत, काही पानासारखी पसरट आणि काही बारीक फांद्यांच्या झुडपासारखी. वालुकाश्माच्या एका मोठ्या खडकावर राखाडी-हिरवी वर्तुळे होती. भाऊंनी त्यांपैकी एकावर पाणी फवारले आणि पाहता पाहता राखाडी रंग जाऊन ते वर्तुळ टवटवीत हिरवे झाले. बुरशीचा वरचा थर ओला होताच पारदर्शक होतो आणि आतल्या शेवाळाचा रंग बाहेर दिसतो. बुरशी आधार, ओलावा आणि खनिजे देते, शेवाळ उन्हातून अन्न तयार करते. शैवाक हा एकच जीव नसून अशी भागीदारी आहे, हे सिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात मांडले, तेव्हा त्याच्या समकालीनांपैकी अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला होता. पुढे २०१६ मध्ये काही शैवाकांत यीस्ट हा तिसरा भागीदार असावा, असेही संशोधकांनी मांडले.

शैवाकाला मुळे नसतात. पाणी, क्षार आणि त्यांच्याबरोबर हवेतले विष, सारे काही ते अंगानेच शोषून घेते. कोळसा जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड त्याला सहन होत नाही, म्हणूनच जगभर हवेच्या शुद्धतेची खूण म्हणून शैवाकांकडे पाहिले जाते. वाढ वर्षाला काही मिलिमीटर, कित्येक जातींत त्याहूनही कमी. समोरचे तळहाताएवढे वर्तुळ आमच्या तिघांपैकी कुणाच्या जन्माआधीचेही असू शकेल, हे कळल्यावर वहिनींनी खडकावर टेकवलेला हात आपणहून काढून घेतला.

मी विचारले, ही शैवाके संकटग्रस्त आहेत का? भाऊंनी सावकाश उत्तर दिले. डोळ्यांनी पाहून जात सांगणेच कठीण असते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो का, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने लाल होतो का, अशा चाचण्या घ्याव्या लागतात, आणि संरक्षित वनात आपण ते करणार नाही. भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्या नोंदींमागे लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांतील संशोधकांचे अनेक दशकांचे श्रम आहेत. पण नोंद होणे आणि एखादी जात किती उरली आहे हे कळणे यांत मोठे अंतर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींची जी पहिली यादी आली, तिच्यात घटपर्णी, कुठ, निळे वांडा ऑर्किड अशा सहाच वनस्पती होत्या. शैवाक त्यांत नव्हते.

मग जेथे शैवाकाला कायद्याने संकटग्रस्त म्हटले गेले, तेथले उदाहरण त्यांनी दिले. अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत शैवाके दोनच आहेत. फ्लोरिडातले क्लॅडोनिया परफोराटा १९९३ मध्ये आले आणि ॲपलाचियन पर्वतातले ‘रॉक नोम’ १९९५ मध्ये. क्लॅडोनिया परफोराटा कशालाही चिकटून राहत नाही. प्राचीन वाळूच्या टेकड्यांवर, झुडपांमधल्या उघड्या पांढऱ्या रेतीवर ते नुसते पडून असते. त्याचे बीजाणू कुणाला आढळलेले नाहीत. तुकडा मोडून थोडा दूर सरकला, तर तेथे नवे वाढते, इतकाच त्याचा प्रसार. त्या टेकड्यांवर घरे आणि बागा झाल्या, आणि १९९५ च्या ओपल वादळाने किनाऱ्यावरच्या त्याच्या कित्येक वस्त्या धुऊन नेल्या. वणव्यातही ते जळून जाते, परंतु वणवा कधीच लागला नाही तर झुडपे माजून उघडी रेतीच उरत नाही. वादळानंतर शास्त्रज्ञांनी इतर ठिकाणचे तुकडे आणून ते पुन्हा वसवण्याचे प्रयत्न केले. अंडी नाहीत, बी नाही, रोपवाटिका नाही. बुरशी आणि शेवाळ प्रयोगशाळेत वेगवेगळे वाढवता येतात, पण त्यांच्यापासून पुन्हा पूर्ण शैवाक घडवणे अतिशय अवघड जाते. वाचवायचे असेल तर ते ज्या जागी आहे ती जागाच वाचवावी लागते.

दुपारी बी फॉलला गर्दी होती आणि आम्ही तेथे फार थांबलो नाही. संध्याकाळी धूपगडावर, सुमारे १३५० मीटर उंचीवर, सातपुड्याच्या सर्वांत उंच माथ्यावरून सूर्यास्त पाहिला. जाताना-येताना अनेक खडकांवर यात्रेकरूंनी रंगाने आणि दगडाने कोरून आपापली नावे लिहिलेली दिसली. त्यांत आपल्याकडच्या गावांची नावे वाचून मला वाईट वाटले. ज्या खडकावर नाव कोरले जाते, तेथली शैवाके एका क्षणात जातात आणि ती जागा पुन्हा भरायला कित्येक दशके लागतात.

शैवाके पाहायला जाणाऱ्यांनी भिंग आणि पाणी अवश्य न्यावे, मात्र काहीही खरवडू नये. पावसाळा संपता संपता ती सर्वांत सुंदर दिसतात. हिमालयात जाणे होत असेल, तर उत्तराखंडच्या वनविभागाने २०२० मध्ये मुनस्यारीला उभारलेले शैवाक उद्यान पाहता येईल. आपल्या बाजारातले बरेचसे दगडफूलही त्याच राज्यातल्या बांजाच्या, म्हणजे ओक वृक्षांच्या, जंगलांतून येते.

रविवार : पिपरिया, इटारसी आणि धुके

पिपरियाहून इटारसीपर्यंत सारे वेळेवर झाले. पुढच्या गाडीला मात्र उत्तरेतल्या धुक्याने इतका उशीर झाला की दुपार, संध्याकाळ आणि अर्धी रात्र इटारसीच्या फलाटावर काढावी लागली. जानेवारीत हा मार्ग धरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीची कोणतीही वेळ पक्की ठरवू नये.

पण त्या फलाटावर रामटेककडचे एक निवृत्त गवंडी भेटले. ते पत्नीसह मथुरेला निघाले होते. भाकरी आणि ठेचा वाटून खाताना गोष्टी निघाल्या, आणि आम्ही घडियाल पाहायला चाललो आहोत व तो नदीच्या रेतीत अंडी घालतो, हे ऐकताच त्यांनी रेतीबद्दल जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटले. वाळवंटातली वाऱ्याने घासून गोल झालेली रेती बांधकामाला चालत नाही, कारण तिचे कण सिमेंटमध्ये एकमेकांना धरत नाहीत. हवी असते ती नदीची धुतलेली, जाड, कंगोऱ्यांची रेती. कन्हान नदीची रेती त्यांच्या उमेदीच्या काळात कमरेइतकी खोल होती आणि आता कित्येक रेतीघाटांवर खालची माती दिसते, असे ते म्हणाले. नागपुरातल्या किती इमारतींत ती रेती त्यांनी स्वतः कालवली, हे सांगताना त्यांचा आवाज अभिमानाचा होता. नदीबद्दल बोलताना मात्र तो खाली आला. घडियालाच्या मादीलाही अशीच सैल, निचरा होणारी, उंचावरची रेती लागते, असे भाऊंनी सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही दोघंही एकाच घाटावरचे गिऱ्हाईक.”

सोमवार : मुरैना आणि देवरी

मुरैन्यात उतरलो तेव्हा सकाळ सरत आली होती आणि समोरचा रस्ता दिसत नव्हता. स्टेशनबाहेर गजक कुटण्याचे आवाज येत होते. तीळ आणि गुळाच्या पाकाचा गोळा लाकडी मोगऱ्यांनी कुटून कुटून त्याचे पापुद्रे सुटेपर्यंत मेहनत करतात. या गजकाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमच्या डब्यातला तिळगूळ आम्ही दुकानदाराला दिला आणि त्याने गरम गजक आमच्या हातावर ठेवले.

धौलपूरकडे जाताना महामार्गालगत देवरीचे घडियाल केंद्र लागते. हा महामार्ग क्रमांक ४४ म्हणजे आमच्या वर्धा रोडवरून जाणाराच आहे. चंबळ नदीच्या काठावरून गोळा केलेली काही अंडी येथे उबवतात आणि पिल्ले सुमारे १.२ मीटर लांब होईपर्यंत वाढवून नदीत सोडतात. एका टाक्यात हातभर लांबीची पिल्ले एकमेकांवर चढून उन्हाची वाट पाहत निपचित पडली होती. जबडे पेन्सिलीसारखे बारीक आणि कडेने दातांच्या सुया. निसर्गात शंभर पिल्लांमागे एखाद-दुसरेच मोठे होते. पावसाळ्याचा पहिला पूर, कोल्हे, पक्षी आणि मोठे मासे बाकीची नेतात. पहिली काही वर्षे टाक्यात काढली, तर ही गळती टळते.

१९७० च्या दशकात देशात घडियाल दोनशेहून कमी उरले असावेत, असा अंदाज होता. १९७५ मध्ये भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. त्यानंतर चंबळेचा मोठा पट्टा मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांत अभयारण्य झाला. आज एकट्या चंबळेत लहानमोठे मिळून दोन हजारांहून अधिक घडियाल मोजले जातात. शैवाकाच्या बाबतीत ज्याची उणीव भाऊंनी सांगितली होती, ते साधन येथे डोळ्यांसमोर होते. अंडे हाताने उचलता येते, उबवता येते, पिल्लू मोजता येते आणि नावेतून काठ पाहत पुढे गेले तर प्राण्यांची गणतीही करता येते. त्या टाक्यांपुढे उभे असताना घडियालाचा प्रश्न सुटत आला आहे, असे मला वाटले.

मंगळवार : चंबळ

नागपूरकरांना सफारी म्हटले की पहाट आठवते. चंबळेवर हिवाळ्यात घाई करू नये. घडियालाला शरीर तापवण्यासाठी ऊन लागते, त्यामुळे धुके विरल्यावर, साधारण अकरापासून दुपारपर्यंत तो काठावर हमखास दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दुर्बीण न्यावी आणि नावेत बोलणे टाळावे.

राजघाटावरून नाव निघाली तेव्हा मोहरीच्या पिवळ्या शेतांवर नुकते ऊन आले होते. नावाडी पूर्वी मासेमारी करणारे गृहस्थ होते आणि नदीच्या प्रत्येक वळणाची त्यांना ओळख होती. दोन्ही काठांना मातीचे उंच, चिरलेले बीहड होते आणि पाणी स्वच्छ, हिरवट. चक्रवाकांच्या जोड्या उडाल्या. एका रेतीच्या बेटावर पाणचिऱ्यांचा थवा बसला होता. आणि मग पुढच्या बेटावर सात-आठ घडियाल पहुडलेले दिसले. त्यांच्यामध्ये एक प्रचंड नर होता. त्याच्या नाकाडाच्या टोकावरचा गोल घडा, म्हणजे मडक्यासारखा फुगवटा, दुर्बिणीशिवायही दिसत होता. तो पाण्याकडे निघाला तेव्हा पोटावर सरकत गेला, कारण मोठ्या घडियालाला मगरीसारखे पाय उचलून चालता येत नाही. जमिनीवर तो असाहाय्य असतो. पाण्यात उतरताच मात्र त्याचे शरीर एकही लाट न उठवता नाहीसे झाले.

नावाड्यांनी सांगितले की मार्चअखेरीपासून माद्या रात्री रेतीत खड्डे करून अंडी घालतात आणि जूनमध्ये, पाऊस येण्यापूर्वी, पिल्ले बाहेर येतात. मग कित्येक माद्यांची शेकडो पिल्ले एका नराच्या पहाऱ्यात, कधी थेट त्याच्या पाठीवर बसून राहतात. हे सांगताना त्यांनी स्वतःच्या पाठीवर हात फिरवून दाखवला. जाळ्यात अडकून बुडालेले घडियालही त्यांनी पाहिले होते आणि ते आठवून त्यांचा चेहरा उतरला.

परतीच्या वळणावर एक काठ दिसला. तो तासून काढल्यासारखा उभा होता आणि त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या. अभयारण्यात रेती काढायला बंदी आहे, तरीही ती काढली जाते. खाणकामातून येणारा पैसा येथे किती निष्ठुर आहे, हे सांगायला २०१२ ची एक घटना पुरेशी आहे. मुरैना जिल्ह्यातील बामोर येथे अवैध दगड वाहून नेणारा ट्रॅक्टर अडवताना तरुण आयपीएस अधिकारी नरेंद्रकुमार यांचा त्याच ट्रॅक्टरखाली चिरडून मृत्यू झाला.

त्या काठापाशी भाऊंनी मला २००७-०८ च्या हिवाळ्याची आठवण करून दिली. त्या काही महिन्यांत चंबळेच्या खालच्या पट्ट्यात शंभराहून अधिक घडियाल मेले. शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन अवयवांत युरिक ॲसिडचे खडे साठल्याचे दिसले आणि संशय नदीतून माशांवाटे आलेल्या विषावर गेला. केंद्रात वाढवलेले पिल्लू पुढे त्याच पाण्यात सोडायचे असते. त्याला मासे हवे असतात, खोल डोह हवा असतो आणि मादीला अंड्यांसाठी उंच, सैल रेती हवी असते. जगात प्रजननक्षम घडियाल ३०० ते ९०० इतकेच उरले असल्याचा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा अंदाज आहे. चंबळेतले आकडे मोठे असले, तरी त्यांत पिल्ले आणि अर्धवट वाढलेलेच अधिक असतात. आदल्या दिवशी टाक्यांपुढे मला जे वाटले होते, ते या काठावर टिकले नाही. अंडी उबवण्याने घडियालाला वेळ मिळाला आहे. जागेच्या बाबतीत मात्र तो फ्लोरिडाच्या रेतीवर सुटे पडलेल्या त्या शैवाकाइतकाच परावलंबी आहे. शैवाकाला पळता येत नाही आणि घडियालाला, इतके बलदंड शरीर असूनही, पळून जाण्याजोगी दुसरी नदी फारशी उरलेली नाही. सिंधूपासून म्यानमारच्या इरावतीपर्यंत पसरलेला हा प्राणी आता भारत आणि नेपाळमधल्या मोजक्या नद्यांपुरता उरला आहे.

घाटावर नावाड्यांच्या घरून मिस्सी रोटी आणि मोहरीची भाजी आली. पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा वहिनींनी उरलेला सावजी मसाला त्यांच्या सुनेला दिला आणि त्यातले दगडफूल वेगळे काढून दाखवले. त्यांच्याकडे त्याला पत्थरफूल म्हणतात.

बुधवार : परत

परतीची गाडी धुके असूनही थोड्याच उशिराने आली. गाडीत भाऊंनी दोन गोष्टी ठरवल्या. नागद्वारला जाणाऱ्या ओळखीच्या मंडळांशी खडकांवर नावे न लिहिण्याबद्दल बोलायचे आणि पंचमीच्या आत मराठीत एक छापील पत्रक त्यांच्या हाती द्यायचे, हे पहिले. पत्रकाचा मजकूर त्यांनी बैतूल येईपर्यंत लिहूनही काढला. दुसरी गोष्ट म्हणजे जूनमध्ये, पिल्ले बाहेर येण्याच्या दिवसांत, पुन्हा चंबळेवर जायचे. त्या काळात घरट्यांच्या काठांजवळ जाऊ देत नाहीत आणि ऊन भयंकर असते, म्हणून ज्यांना आमच्याबरोबर यायचे असेल त्यांनी वनविभागाच्या परवानगीविषयी एप्रिलपासूनच चौकशी सुरू करावी आणि दुरून पाहण्यासाठी चांगली दुर्बीण मिळवून ठेवावी.